पंज्याची पकड: कुंग फूमधला वाघाचा आणि गरुडाचा हात

लाटणं उजव्या हातात घट्ट धरा. मनगट तळहाताच्या बाजूला जमेल तेवढं आत वळवा आणि मूठ तशीच आवळून ठेवायचा प्रयत्न करा. आता डाव्या हातानं लाटणं ओढा, फारसा जोर न लावता निघून येईल. मग मनगट सरळ करून हाताच्या पाठीकडे तीसेक अंश झुकवा आणि पुन्हा ओढून बघा. हात तोच, माणूस तोच, पण लाटणं जागचं हलत नाही.

पंज्याचं निम्मं शिक्षण या एका प्रयोगात आहे. बोटं वाकवणारे मोठे स्नायू बोटांत नसतातच. ते कोपराखाली, हाताच्या आतल्या बाजूला असतात आणि लांब कंडरांनी बोटं खेचतात, कळसूत्री बाहुली दोऱ्यांनी हलवावी तशी. मनगट आत वळलं की या दोऱ्या सैल पडतात आणि बोटांत ताकद उरत नाही. त्यामुळे ‘माझी बोटं कमजोर आहेत’ असं म्हणणाऱ्या बहुतेकांची बोटं ठीक असतात, चूक मनगटाची असते. प्रतिस्पर्ध्याची पकड सोडवताना हाच नियम उलटा वापरायचा: त्याचं मनगट आत वळवा, मूठ आपोआप उघडते.

पुण्यातल्या क्लासांत वाघाच्या आणि गरुडाच्या पंज्यांना सरळ ‘टायगर क्लॉ’ आणि ‘ईगल क्लॉ’ म्हणतात. चिनीत वाघाचा पंजा म्हणजे हू झाओ आणि गरुडाचा यिंग झाओ. कॅन्टनकडच्या उच्चारात फू जाउ आणि यिंग जाउ. वाघाचा हात मुख्यतः दक्षिण चीनच्या हुंग गार शैलीतून जगभर गेला. तिच्या वाघ-सारस या प्रसिद्ध संचात (संच म्हणजे एकट्यानं करायची हालचालींची ठरलेली मालिका) वाघ धरतो आणि फाडतो, तर सारस निसटतो आणि टोचतो. गरुडाचा हात उत्तरेकडचा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला चेन झिझेंग या वस्तादांनी तो शांघायच्या जिंगवू संस्थेत शिकवला आणि तिथून तो दक्षिणेत पोचला. सोंग काळातला सेनापती युए फेई याच्याशी गरुडाच्या १०८ पकडी जोडल्या जातात, ती मात्र परंपरेनं सांगितलेली कथा आहे.

हाताचा आकार

वाघासाठी बोटं फाकवा. टोकाचं आणि मधलं पेर वाकवा, पण बोटाच्या मुळाचा सांधा जवळजवळ सरळ ठेवा. अंगठाही वाकलेला. मनगट मागे, तळहात उघडा आणि मनगटालगतचा जाड मांसल भाग, म्हणजे तळहाताची गादी, सगळ्यांत पुढे. आकार बरोबर आहे का हे बघायला तळहातावर मोठं मोसंबं ठेवा. पाचही बोटांची टोकं त्याला टेकली पाहिजेत आणि तळहाताच्या मध्यभागी थोडी हवा राहिली पाहिजे. मुळाचे सांधेही वाकले तर त्याची अर्धवट मूठ होते आणि गादी मागे पडते.

गरुडाच्या हातात बोटं एकमेकांना चिकटलेली आणि अंगठा त्यांच्या समोर. भरलेला तांब्या वरून, काठाखालच्या गळ्यात बोटं अडकवून उचलताना हाताचा जो आकार होतो, तोच गरुड. काही घराण्यांत फक्त अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट वापरतात. सुरुवातीला ते टाळा. ओढायचा जोर करंगळी आणि अनामिकेकडून येतो. तर्जनी आणि अंगठा दिशा देतात. तीन बोटांची पकड दिसायला देखणी, पण ती मर्मावर दाबण्यासाठी आहे. घामेजलेला हात ओढून धरायला ती पुरत नाही.

ड्रॅगनचा पंजा, बिबट्याची मूठ, प्रेइंग मँटिस या किड्याचा आकडा असे आणखी प्रकार आहेत. वर्षभर वाघ आणि गरुड पक्के होईपर्यंत तिकडे जायचं कारण नाही.

हात तयार करणं

जुन्या चिनी पद्धतीत अरुंद तोंडाची मातीची भांडी बोटांनी काठाला धरून उचलत आणि त्यात हळूहळू पाणी किंवा वाळू वाढवत. आपल्याकडे यासाठी वेगळं काही शोधावं लागत नाही. पितळी किंवा तांब्याचा तांब्या आणि पुढे छोटी कळशी, एवढं पुरतं. घरात नसेल तर कसब्यातल्या तांबट आळीत आजही ठोक्याची भांडी मिळतात. तोंड बोटांच्या कवेत यायला हवं, म्हणजे ८ ते १० सेंटिमीटर, आणि काठ बाहेर वळलेला पण धारदार नसलेला. कुंभारवाड्यातला माठ घेऊ नका. काठ निसटला तर तो पायावर फुटतो. चिनी मातीची लोणच्याची बरणी तर त्याहून वाईट.

पाण्याचा फायदा असा की एक लिटर म्हणजे बरोबर एक किलो, त्यामुळे वजन मोजून वाढवता येतं. सुरुवात भांड्यासकट दीड ते दोन किलोनं करा. खाली गोणपाट अंथरा, हॉर्स स्टान्समध्ये बसा, म्हणजे पाय फाकवून गुडघे वाकवा, पाठ सरळ. बोटांची टोकं काठाखाली अडकवा, तळहात भांड्याला लागू देऊ नका. मनगट मागे झुकवून भांडं गुडघ्याच्या उंचीवर उचला आणि २० सेकंद धरा. प्रत्येक हातानं ३ वेळा, मध्ये एक मिनिट विश्रांती. तिन्ही वेळा २० सेकंद स्थिर जमले की पुढच्या आठवड्यात पाव लिटर वाढवा. नाही जमले तर तेच वजन ठेवा. तिसऱ्या महिन्यात भांडं धरून १५-२० पावलं चाला. चालताना पाणी डचमळतं आणि बोटांना दर क्षणी पकड सावरावी लागते. लढताना नेमकं हेच लागतं, म्हणून लोखंडी वजनापेक्षा पाणी बरं.

आठवड्यातून तीनच दिवस. इथे घाई करणाऱ्यांची बोटं बिघडतात आणि त्यामागे साधं कारण आहे. स्नायू काही आठवड्यांत जोर धरतात, कंडरांना आणि त्यांना हाडाशी बांधून ठेवणाऱ्या पट्ट्यांना काही महिने लागतात. दुसऱ्या महिन्यात वाटतं की आता दुप्पट वजन झेपेल, कारण स्नायू तयार झालेले असतात. त्याच सुमारास बोटाच्या मुळाशी, तळहाताच्या बाजूला दुखू लागतं. ते दुखणं दिसलं की दोन आठवडे उचलणं पूर्ण बंद. दुखऱ्या बोटावर पट्टी बांधून सराव चालू ठेवला की दोन आठवड्यांचं काम चार महिन्यांवर जातं.

पंचा पिळणं हा दुसरा व्यायाम, आणि तो खरंच मोलाचा आहे. जाड सुती पंचा भिजवा, दोन्ही हातांनी आडवा धरा, कोपरं बरगड्यांजवळ ठेवा आणि पाणी थेंबानं थांबेपर्यंत पिळा. १० वेळा एका दिशेनं, १० वेळा उलट. मग तोच पंचा दुहेरी करून आडव्या बारवरून टाका आणि दोन्ही टोकं धरून लोंबकळा. १० सेकंदांपासून सुरू करून ४० पर्यंत न्या. कापड विरलेलं नाही हे आधी ताणून बघा. ज्यांना जमेल त्यांनी दोरीचा मल्लखांब शिकावा. टिळक रस्त्यावरच्या महाराष्ट्रीय मंडळासारख्या संस्थांत मल्लखांब शिकवतात आणि त्या दोरीवर हात जसा तयार होतो तसा कुठल्याही यंत्रावर होत नाही.

बोटांवरचे जोर भिंतीपासून सुरू करा. भिंतीपासून दोन फुटांवर उभं राहून बोटांच्या टोकांवर १५ जोर. टोकाचं पेर उलट्या बाजूला मोडता कामा नये. बोट कमानीसारखं किंचित वाकलेलं राहिलं पाहिजे. सहा आठवड्यांनी टेबलाच्या कडेवर, आणखी सहा आठवड्यांनी गुडघे टेकून जमिनीवर. पूर्ण जोर वर्षाअखेरीस, तोही सतरंजीवर. शहाबादी फरशीवर बोटं सरकतात आणि मधला सांधा आपटतो. सोळा-सतरा वर्षांखालच्या मुलांना हा व्यायाम देऊ नका. त्यांच्या बोटांच्या हाडांची वाढ चालू असते आणि वाढीच्या जागी इजा झाली तर बोट वाकडं राहू शकतं. त्यांच्यासाठी पंचा आणि मल्लखांब भरपूर झाले.

बोटं उघडणाऱ्या स्नायूंकडे कुणी लक्ष देत नाही. रोज पकड आवळून ते दुबळे राहिले की कोपराच्या बाहेरच्या बाजूला दुखू लागतं आणि हात चटकन उघडतही नाही. भाजीच्या जुडीला येतं ते रबर पाचही बोटांच्या टोकांभोवती अडकवा आणि बोटं फाकवा, प्रत्येक हातानं २५ वेळा, रोज. किंवा बादलीत पाच-सहा किलो तांदूळ घ्या, मिटलेला हात मनगटापर्यंत खुपसा आणि आत उघडा. दोन मिनिटांत हात भरून येतो.

आधी स्पर्श, मग पकड

समोरून येणारा ठोसा हवेतल्या हवेत झेलायचा ही कल्पना डोक्यातून काढून टाका. डोळ्यांनी बघून हात हलायला माणसाला साधारण पाव सेकंद लागतो आणि चांगला जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा झटपट सरळ ठोसा, तेवढ्यात जाऊन परतही येतो. शिवाय उघडी बोटं पुढे करून ठोसा झेलायला गेलं की तो बोटांच्या टोकांवर बसतो आणि मधला सांधा सुजतो. पंज्याच्या सरावातली ही सगळ्यांत नेहमीची दुखापत.

पकड नेहमी स्पर्शानंतर येते. तुमचा हात त्याच्या हाताला आधी टेकतो आणि स्पर्शाला शरीर नजरेपेक्षा लवकर उत्तर देतं. प्रतिस्पर्ध्यानं उजव्या हातानं सरळ ठोसा मारला असं धरून क्रम असा:

१. डावा पाय तिरका पुढे टाका, म्हणजे त्याच्या उजव्या हाताच्या बाहेरच्या बाजूला. डोकं ठोशाच्या रेषेतून बाहेर पडणं पहिलं, बाकी सगळं नंतर.

२. तुमच्या उजव्या हाताची मनगट आणि कोपर यांमधली बाहेरची बाजू त्याच्या हाताला बाहेरून टेकवा. ढकलू नका. हात नुसता चिकटला तरी ठोसा बाजूला जातो, कारण तुम्ही आधीच सरकलेले आहात.

३. तो हात मागे घेईल, तेव्हा त्याच्याबरोबर जा. तुमचा तळहात खाली वळवा आणि त्याच्या हातावरून मनगटाकडे घसरू द्या. हात वरून खाली निमुळता होतो आणि मनगटाच्या हाडांपाशी नि अंगठ्याच्या मुळाशी पुन्हा रुंद होतो. तुमचा पंजा तिथे आपोआप अडतो.

४. अडल्यावरच आवळा: आधी करंगळी, मग अनामिका, मधलं बोट, शेवटी तर्जनी आणि अंगठा. हे सगळं एका ठोक्यात होतं, पण सुरुवात करंगळीपासून.

५. कोपर खाली सोडा, कंबर उजवीकडे वळवा, उजवा पाय मागे घ्या. त्याचा हात तुमच्या उजव्या नितंबाकडे येतो. ओढताना त्याचं मनगट असं फिरवा की त्याची करंगळी आकाशाकडे होईल. त्याबरोबर त्याच्या कोपराचं टोकही वर येतं.

६. डावा गरुड त्याच्या कोपराच्या दोन बोटं वर, दंडाच्या मागच्या बाजूला बसवा आणि खाली दाबा. हात सरळ असेल तर तो पुढे वाकतो. हात वाकलेला असेल तर दाबत बसू नका. डावी गादी सरळ जबड्याकडे जाऊ द्या.

यातलं पाचवं पाऊल नीट समजून घ्या. हात हातानं ओढायचा नसतो. नुसत्या दंडाच्या जोरावर ओढलं की तो जड माणूस असेल तर तुम्हीच पुढे खेचले जाता. कोपर खाली सुटलं आणि कंबर वळली की तुमचं अख्खं वजन त्याच्या मनगटावर येतं. तपासायचं असेल तर जोडीदाराला सांगा की हात ताठ ठेव आणि मागे रेल. आधी फक्त हातानं ओढा, मग कोपर बरगडीला लावून नुसती कंबर वळवा. फरक बोलून दाखवावा लागणार नाही.

पकड धरून ठेवायची वेळ फार थोडी असते. ओढलं, तोल गेला, मारलं किंवा दाबलं, सोडलं. एका श्वासापेक्षा जास्त काळ एकच मनगट धरून राहिलात तर त्याचा दुसरा हात मोकळा आहे हे तुम्ही विसरलात असा अर्थ. धरणाराही धरलेलाच असतो.

सराव पहिले सहा आठवडे निम्म्या वेगानं. ठोसा मारणारा हात पुढेच ठेवतो, मग हळूच मागे घेतो, मग खऱ्यासारखा मागे घेतो. दहा मिनिटं उजवा, दहा मिनिटं डावा. त्यानंतर जोडीदाराच्या हाताला पाणी लावून करा. मे महिन्यात किंवा पावसाळी दमट हवेत घामानं हात बुळबुळीत होतो. कोरड्या हातावर शिकलेली पकड तेव्हा साफ निसटते. निसटत असेल तर जास्त आवळू नका, मनगटाच्या आणखी जवळ जा. पूर्ण बाह्यांचा जाड शर्ट असेल तर कापड चुरगळून मुठीत घ्या, हाताच्या मागे लागू नका.

शुक्रवार पेठेतल्या चिंचेच्या तालमीसारख्या जुन्या तालमींमध्ये जाऊन मल्लांची खडाखडी, म्हणजे उभ्यानं चाललेली हातांची झटापट, बघावी, असं प्रत्येक विद्यार्थ्याला सांगावंसं वाटतं. मान, मनगट, दंड यांवर हात कसा पडतो, कसा सुटतो, पुन्हा कसा पडतो, हे तिथे जिवंत दिसतं. नुसते संच घोकलेल्या विद्यार्थ्यापेक्षा तालमीत वर्षभर खडाखडी केलेल्या पोराचा पंजा लढतीत जास्त कामाचा असतो. संच हवेतच होतात. समोरचा हात ओढून घेतो, झटकतो, हे त्यांत येत नाही. म्हणून आठवड्यातून एकदा तरी पाच-पाच मिनिटांची मोकळी खडाखडी ठेवा: ठोसे नाहीत, फक्त मनगट, कोपर आणि मान.

कुठे धरायचं

मनगट आणि कोपराच्या वरची जागा झाली. दंडाच्या आतल्या बाजूला बेटकुळी आणि मागचा स्नायू यांच्यामध्ये खाच असते. तिथे नस आणि रक्तवाहिनी हाडाजवळून जातात. गरुडाची बोटं तिथे रुतली की हात ढिला पडतो. कोपर आपटल्यावर झिणझिण्या येतात ती नस कोपराच्या आतल्या टोकामागे असते, तीही बोटाच्या टोकानं सापडते. बगलेची पुढची कड, म्हणजे छातीच्या स्नायूचा काठ, पूर्ण मुठीत येतो आणि माणसाला वळवायला फार उपयोगी पडतो. मान आणि खांदा यांमधल्या जाड स्नायूचंही तसंच.

चिनी पकडविद्येला चिन ना म्हणतात. तिच्यात स्नायू फाकवणं, सांधा जागचा हलवणं, श्वास किंवा रक्त अडवणं आणि मर्म दाबणं असे विभाग करतात. त्यांतल्या सांध्यावर भर द्या. दुखण्यावर विसंबलेली पकड प्रत्येकावर चालत नाही. दारू प्यालेल्या, संतापलेल्या किंवा जाड दंडाच्या माणसाला ती खाच दाबल्याचं कळतही नाही. कोपर सरळ होऊन उलटं वळू लागलं की मात्र शरीर वाकतंच, दुखो न दुखो. मर्म आलं तर आलं, नाही तर सांधा तयार असला पाहिजे.

गळ्याबद्दल वेगळं सांगायला हवं. संचांमध्ये घाटी धरण्याच्या हालचाली आहेत. जोडीदारावर त्या करू नका, अगदी हळूही नाही. श्वासनळीच्या कूर्चेला मार बसला तर सूज तासाभरानंतरही वाढू शकते. सरावात चुकून गळ्याला लागलं आणि आवाज बदलला, गिळताना दुखलं किंवा श्वासाला आवाज येऊ लागला, तर वाट न बघता इस्पितळात न्या.

वाघाचा वार

वाघात गादी आधी लागते, बोटं नंतर. हा क्रम उलटला की बोटं चिरडतात. मागच्या पायाची टाच जमिनीत रेटा, कंबर वळवा, कोपर खाली ठेवून गादी हनुवटीखालून वर जाऊ द्या. कोपर बाहेर फाकलं तर जोर खांद्यातच अडकतो. हात पूर्ण सरळ होण्याआधी, साधारण एक वीत बाकी असतानाच गादी टेकली पाहिजे, नाही तर स्वतःचं कोपर झटका खातं. गादी टेकल्यावर बोटं पुढे झुकतात, अडकतात आणि हात छातीकडे खाली ओढला जातो. हनुवटी वळली की मान वळते, मान वळली की पाठीचा कणा मागोमाग जातो. या वारातून तेवढंच साधायचं असतं. चेहरा ओरबाडून काही साधत नाही.

समोरच्याचे हात वर असतील तर एक पंजा त्याचा पुढचा हात खाली ओढतो आणि दुसरा त्याच क्षणी त्या मोकळ्या जागेतून जातो. हुंग गारच्या संचांत एक पंजा वर, एक पोटाशी असे दोन वाघ एकदम दिसतात. त्याचा लढतीतला उपयोग बहुतेक वेळा हाच असतो: एक उघडतो, एक शिरतो. दोन्ही हातांनी एकदम मारायला गेलात तर राखण कुठेच उरत नाही.

सरावासाठी पंचिंग पॅडवर गोणपाटाची दुहेरी घडी शिवून घ्या. गादी पॅडवर आपटली की बोटं गोणपाटात अडकवा आणि ओढा. पॅड धरणाऱ्यानं पॅड स्वतःच्या चेहऱ्यासमोर धरायचा नाही, खांद्याच्या बाहेर धरायचा. १५-१५ चे तीन फेरे, प्रत्येक हातानं. आवाज ‘धप्’ आणि मग ‘खर्रर्’ असा दोन भागांत आला पाहिजे. नुसता ‘खर्रर्’ आला तर बोटं आधी लागताहेत.

जोडीदाराबरोबर करताना चेहऱ्याऐवजी छातीवर थांबा. नखं दर आठवड्याला कापा. अंगठी, कडं, हातातला गंडा किंवा दोरा सराव सुरू होण्याआधी काढून ठेवा. अंगठीत कापड अडकून बोटाची सालटी निघणं हा ऐकीव धोका नाही.

नियम आणि कायदा

वुशू या चिनी युद्धकलांच्या खेळातल्या सांडा या प्रत्यक्ष लढतीच्या स्पर्धेत ग्लोव्ह असतात, त्यामुळे पंजा तिथे जवळजवळ संपतो. एमएमएच्या (मिश्र युद्धकलांच्या लढतींच्या) सर्वमान्य नियमांत डोळ्यात बोट घालणं, एकेक बोट मोडणं, गळ्यावर वार आणि मांस ओरबाडणं किंवा चिमटणं हे सगळं निषिद्ध आहे. मनगटाची, दंडाची, मानेची पकड मात्र चालते, म्हणून गरुडाचा हात तिथेही कामी येतो.

रस्त्यावर स्वतःला वाचवण्याचा हक्क भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. ही संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करण्याचा हक्क त्यात नाही आणि एका डोळ्याची दृष्टी कायमची जाणं हीसुद्धा कायद्यानं गंभीर दुखापत आहे. मनगट धरून हात खाली दाबला आणि पळायला वाट मिळाली, तर पळा.

पकड सोडवणं

समोरच्यानं तुमचं मनगट धरलं तर त्याच्या अंगठ्याचं टोक कुठे आहे ते बघा. अंगठा आणि बोटं जिथे एकमेकांना भेटतात ती फट पकडीतली सर्वांत कच्ची जागा. तुमच्या मनगटाची अरुंद कड त्या फटीत वळवा, कोपर त्याच्याकडे पुढे न्या आणि हात तुमच्या खांद्याकडे घ्या. मागे ओढलंत तर चार बोटांशी लढाल. कोपर पुढे नेलंत तर एकट्या अंगठ्याशी. दोन्ही हातांनी धरलं असेल तर आधी एक पाऊल त्याच्याकडे टाका. त्याची मनगटं आत दुमडतात आणि लाटण्याचं झालं तसंच होतं.

बोटाला लागलं तर

मधला सांधा सुजला असेल तर १०-१५ मिनिटं फडक्यात गुंडाळलेला बर्फ, दिवसातून तीन-चारदा, आणि शेजारच्या बोटाला सैलसर पट्टीनं जोडून ठेवा. ओढून ‘बसवू’ नका, चोळू नका.

दोन तपासण्या मात्र त्याच दिवशी करा. कापड किंवा हात पकडलेला असताना बोट झटक्यात सरळ ओढलं गेलं असेल, तर मधलं पेर दुसऱ्या हातानं सरळ धरून ठेवा आणि फक्त टोकाचं पेर वाकवून बघा. वाकत नसेल तर कंडरा हाडापासून सुटलेली असू शकते. अनामिकेला हे जास्त होतं. अशी कंडरा मागे आखडत जाते, म्हणून हाताच्या शल्यविशारदाला दोन-तीन दिवसांत दाखवा. आठवडा-दहा दिवस उलटले की ती जागेवर आणणं अवघड होतं. उलट, टोकावर काही आपटून टोकाचं पेर खाली लोंबत असेल आणि स्वतःहून सरळ होत नसेल, तर सरळ करणारी कंडरा तुटलेली असते. त्यावर टोक सरळ ठेवणारी पट्टी सहा ते आठ आठवडे सलग बांधतात, आणि सलग म्हणजे अंघोळीच्या वेळीही टोक वाकू द्यायचं नाही. मध्ये एकदा जरी वाकलं तरी दिवस पहिल्यापासून मोजावे लागतात. दोन्ही वेळा एक्स-रे काढून घ्या, कारण कंडरेबरोबर हाडाचा कपचाही सुटलेला असू शकतो.